ओव्याचं फूल आणि लिंपलेली दारं

…तर चंद्रकलेनं पाचही पेट्यांची दारं चिखलानं लिंपून टाकली, इथवर काल आपण आलो होतो. पेट्या मधमाश्यांच्या. चिखल यशवंतरावांच्या संत्र्याच्या पाटातला, त्यात मूठभर शेण, आणि लिंपणारीच्या मनात माया भरून आलेली. काल मध्येच पाहुणे आले आणि गोष्ट तुटली. पण काल जे नव्हते त्यांना हा चिखल कुठून आला ते कळायचं नाही, म्हणून जरा मागं जाऊन येतो.

चंद्रकला कळंबे म्हणजे पांढुर्ण्याच्या अलीकडं, तिगाव टेसनाच्या बाजूची. साठीला टेकलेली, बांध्यानं उंच, कपाळावर तीन ठिपक्यांचं गोंदण आणि तळवे असे गुळगुळीत की पितळी लोटा हातातून निसटावा. ते तेलानं झालेले. चाळीस वर्षं तिनं दुसरं काय केलं? बाळंतिणीला शेकलं, तान्ह्याला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. आता बाळंतपणं पांढुर्ण्याच्या दवाखान्यात होतात, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर घरी आलं की निरोप चंद्रकलेलाच जातो. ती आली की पहिलं काम खोली बंद करायचं. खिडकीच्या फटीत चिंध्या, दाराला गोधडी, आणि खाटेखाली शेगडी. शेगडीत निखारे, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. वारा आत येता कामा नये आणि धूर बाहेर जाता कामा नये, ही तिची रीत. तिच्या आईचीही हीच होती.

आणि तिच्या हाताला गुण आहे, हे सारा मुलूख म्हणायचा. एकदा तिगावच्या फलाटावर पॅसेंजरमधून एक बाई उतरवली होती, कुठली कोण जाणे, बैतुलकडची असावी. पोर जन्मलं ते निळं, रडेचना. टेसनावरचे लोक पाणी आणा, गाडी बोलवा करत राहिले. चंद्रकला तिथं कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसली होती. तिनं कांदा दातानं फोडला, पोराच्या नाकाशी धरला, तळपायावर दोन टिचक्या मारल्या. पोर असं रडलं म्हणता, की पॅसेंजर दहा मिनिटं उशिरा सुटली आणि कुणी तक्रार केली नाही. तेव्हापासून लोक म्हणू लागले, चंद्रकलेच्या हातात जीव आहे. ती हसून सोडून द्यायची, पण ऐकायला तिला आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

आता माश्यांकडं येतो. चार वर्षांमागं सौंसरची दामिनी नावाची पोरगी बचत गटाच्या बायांना मधमाश्या पाळायला शिकवत फिरत होती. सात बायांनी नाव दिलं. पहिल्याच महिन्यात सहा जणी डसून घेऊन घरी बसल्या, राहिली एक चंद्रकला. यशवंतरावांनी आपल्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली पाच पेट्या ठेवू दिल्या, कारण माश्या असल्या की संत्र्याचं फळ चांगलं धरतं, हे त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. दामिनीनं पेटी उघडून दाखवलं, ही राणी, ही तिची अंडी, या सगळ्या तिच्या पोरी, याच पिल्लांना भरवतात. चंद्रकलेनं वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, म्हणजे ही बाई बारा महिने बाळंतीणच की वं. त्या दिवसापासून त्या पेट्या तिच्या झाल्या. पहिल्या पेटीतली राणी तिला सगळ्यांत जास्त ओळखीची, लांबट, काळसर, चालायची मोठ्या ऐटीत.

यंदा पोळा झाला आणि पहिल्या पेटीपुढं माश्या जमिनीवर रांगताना दिसू लागल्या. पंख चुरगळलेले, जसं ओलं कापड मुठीत पिळून टाकावं. उडायला जायच्या आणि कोलांटी खाऊन पडायच्या. दामिनी आली, तिनं भिंग काढून दाखवलं. माशीच्या पाठीवर तांबूस, चपटं, मोहरीहून बारीक असं काही बसलेलं. ढोराला गोचीड लागते ना, तशीच ही माशीची गोचीड. पोळ्यातल्या झाकलेल्या घरात शिरून पिल्लाला शोषते, म्हणून पिल्लू जन्मतं तेच लुळं. दामिनी म्हणाली, कडक औषधाच्या पट्ट्या मिळतात, पण त्या मेणात आणि मधात उतरतात. आपण साधं करू. पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींवर पिठीसाखर भुरभुरवू, म्हणजे गोचीड घसरून पडते, आणि एक ओव्याचं फूल ठेवू.

ओव्याचं फूल म्हणताच चंद्रकलेचा चेहरा उजळला. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं. पांढुर्ण्याच्या बाजारात मसाल्याच्या दुकानी मिळतं ते, खडीसाखरेसारखे पांढरे खडे, डबीचं झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी. ओव्याचाच अर्क तो. दामिनीनं तीन गोष्टी बोटांवर मोजून सांगितल्या. खडा एवढासाच, फडक्यात बांधून चौकटींच्या वर ठेवायचा. ऊन तापलेलं असेल त्या दिवसांत ठेवायचा नाही. आणि दार सताड उघडं, वरचं झाकणही काडीभर उचलून.

पहिली गोष्ट चंद्रकलेनं काटेकोर पाळली. दुसरीचं असं झालं की दसरा होऊन गेला होता, हवा सकाळी जरा गार लागू लागली होती, तिला वाटलं ऊन सरलं. तिसरी गोष्ट तिनं ऐकली आणि मनातल्या मनात मोडीत काढली. पोरगी शिकलेली आहे, पण अजून तिचं लग्न व्हायचंय, तिला बाळंतिणीच्या खोलीतलं काय ठाऊक? दार उघडं ठेवलं तर ओव्याचा वास उडून जाईल, गोचीड तशीच राहील, आणि वरून वारा पिल्लांना बाधेल. धूर बाहेर जाता कामा नये. चाळीस वर्षं शेकडो लेकरं जगवली, ती काय उगीच? तिनं संध्याकाळी पाचही पेट्यांत पुरचुंड्या ठेवल्या, झाकणं घट्ट बसवली, फटींत चिंध्या कोंबल्या, दारं लिंपली. प्रत्येक दाराला करंगळीएवढं भोक ठेवलं, येण्याजाण्यापुरतं. मग पेट्यांवरून हात फिरवून घरी गेली. झोप चांगली लागली तिला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की वेचणीच्या बाया अकरालाच कापसातून झाडाखाली आल्या. चंद्रकला दुपारी धुऱ्यावर आली, तेव्हा तिला पहिल्यांदा काय वेगळं वाटलं तर आवाज. एरवी धुऱ्याला लागलं की दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू यायची. आज काहीच नाही. ती आणखी जवळ गेली, पहिल्या पेटीला कान लावला. आत एक बारीक थरथर चालू होती, आजारी माणसाचे दात वाजावेत तशी. तिनं करंगळीच्या भोकाकडं पाहिलं. भोक बुजलं होतं. बाहेर पडायला धावलेल्या माश्या एकीवर एक अडकून तिथंच मेल्या होत्या, आणि त्यांच्या मागं आणखी असाव्यात, कारण त्या मेलेल्या माश्या मागून ढकलल्या जात होत्या.

चंद्रकलेनं नखांनी चिखल उकरला. उन्हानं तो विटेसारखा झाला होता. नखं तुटली, तिला कळलंही नाही. दार मोकळं झालं आणि आतून गरम वास आला. तो वास तिच्या ओळखीचा होता. सव्वा महिना बंद ठेवलेल्या खोलीची गोधडी सारली की जो अंगावर येतो, तोच.

माश्या बाहेर आल्या त्या उडत नव्हत्या, ओघळत होत्या. चंद्रकलेच्या हातांवर, मनगटांवर, पदरावर पडत होत्या. तोंडावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत, पेटीला तिनं ओरबाडलेलं, आणि तरीही एकही माशी तिला डसली नाही. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डसल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या तिच्या हातावर पाय ओढत राहिल्या, आणि तिला पहिल्यांदा स्वतःच्या हाताची भीती वाटली.

एकेक करत तिनं पाचही दारं फोडली, झाकणं उचलली, पुरचुंड्या काढून दूर पाटात फेकल्या. संध्याकाळपर्यंत माश्या पेट्यांच्या बाहेर घोसासारख्या लोंबत राहिल्या, आत जायला तयार नव्हत्या. तिनं दामिनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. चिखलाचंही सांगितलं. मग दामिनी एवढंच बोलली.

"दहाव्या दिवशी मी येतो. तोवर झाकण उचलजो नको, मावशी. राणी वाचली असन त अंडी दिसतीन."

"अन् नसन त?"

"दहाव्या दिवशी पाहू."

दहा दिवस म्हणजे काय ते चंद्रकलेला माहीत होतं. दहाव्या दिवसापर्यंत बाळंतिणीचा काही भरवसा नसतो, हे तीच इतरांना सांगत आली होती.

ती रोज सकाळी धुऱ्यावर जायची, पेट्यांपुढं मेलेल्या माश्या पानानं गोळा करायची. मोजायच्या नाहीत असं ठरवून जायची आणि मोजून यायची. चार पेट्यांपुढच्या कमी होत गेल्या. पहिलीपुढच्या होत नव्हत्या. ती साबणानं हात धुवायची, मग राखेनं, मग चिंचेनं. ओव्याचा वास जात नव्हता, किंवा गेला होता आणि तिला येत होता, कोण सांगणार? जामसावळीच्या मारुतीला नवस बोलायचं तिनं मनात आणलं. पण हात जोडल्यावर तिला काही सुचेना. माश्यांसाठी मागायचं की दुसऱ्या कुणासाठी, हेच तिला ठरवता आलं नाही.

दुसरं कुणी म्हणजे तृप्ती, तिची लेक. लोधीखेड्याला दिलेली, पहिलंच बाळंतपण, रीतीप्रमाणं माहेरी यायची होती आणि चौथ्या दिवशी आलीही. आठवा सरून नववा लागलेला. गावच्या पोरींना चंद्रकला शेकणार आणि स्वतःच्या लेकीला कोण शेकणार, हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. आता तो एकट्या चंद्रकलेला पडला होता. ती तृप्तीच्या पायांना तेल लावायला बसायची आणि दोन बोटांनीच लावायची. तळवा टेकवायची नाही.

त्यात सहाव्या दिवशी यशवंतरावांच्या घरून बोलावणं आलं. त्यांची सून अमिता बाळंत होऊन घरी आली होती. नाही कसं म्हणणार? त्यांच्याच धुऱ्यावर पेट्या. यशवंतराव ओसरीत पेपर वाचत बसले होते. धुऱ्यावरचा चिखल त्यांनी पाहिला होता, पण आतलं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हसत विचारलं, माश्यांचीही शेकशेगडी केली म्हणे, बारसं कधी आहे? भला माणूस, थट्टा करायची त्यांची सवय. चंद्रकला हसली आणि लगबगीनं आत गेली.

खोली अमितेच्या सासूनं, प्रेमलताबाईंनी, आधीच तयार करून ठेवली होती. खिडकीला चिंध्या, दाराला गोधडी, सगळं चंद्रकलेच्याच शिकवणीचं. शेगडी आत आली, ओवा पडला. बाळ चार दिवसांचं, मुठी मिटून झोपलेलं. धूर खाटेभोवती वळून वर आला आणि बाळ खोकलं. लहानसा खोकला तो. असे खोकले चंद्रकलेनं शेकड्यांनी ऐकले होते आणि प्रत्येक वेळी म्हटलं होतं, छातीतला कफ सुटून राहिला. या वेळी खोकल्यामागून तिला ती थरथर ऐकू आली. पेटीला कान लावल्यावर ऐकली ती. तिची नजर खिडकीकडं गेली. फटीतली चिंधी कुणीतरी घट्ट कोंबली होती. घट्ट कोंबायला तिनंच शिकवलं होतं.

ती उठली आणि तिनं चिंधी ओढून काढली.

प्रेमलताबाई दारातच होत्या. "चंद्रकलाबाई, वारा बाधते म्हणून तुमीनंच घरोघर सांगितलं ना चाळीस वर्षं? आता वाऱ्याले आवतन देऊन राहिल्या?"

निखारा आज जास्त झाला, असं काहीतरी चंद्रकला पुटपुटली, शेगडी उचलून ओसरीत नेऊन ठेवली, बाळाला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं आणि निघून आली. न्हाऊ घालताना तिचे हात कापत होते. प्रेमलताबाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर चार जणींना सांगितलं, चंद्रकलाबाई आता थकल्या, हात कापते त्यांचा. दुपारपर्यंत ते तृप्तीच्या कानावर आलं.

पण चंद्रकलेला झोप नव्हती ती हाताच्या कापण्यानं नाही. ती मागं जाऊन आठवत होती. तिगावच्या अमक्याचं पोर दुसऱ्या आठवड्यात गेलं होतं, त्याला जन्मापासूनच दम होता म्हणाले. राजना रस्त्यावरच्या वाडीतलं एक. त्याच्या वेळी सगळे म्हणाले होते, कुठून तरी वारा शिरला असेल, आणि तीही तेच म्हणाली होती. आता ती त्या खोल्या एकेक करून आठवत होती, कुणाची खिडकी किती घट्ट होती ते.

दहाव्या दिवशी दामिनी स्कूटीवर सौंसरहून आली. तृप्ती म्हणाली, मीही येतो. नऊ महिन्यांची बाई माश्यांजवळ नको म्हणून दोघींनी समजावलं, ऐकेना. शेवटी संत्र्याच्या झाडाखाली दूर एक पोतं अंथरून तिला बसवलं. तिथून सगळं दिसत होतं.

दामिनीनं मुद्दाम पाचवी पेटी आधी उघडली. चौकट उन्हाकडं धरली. "मावशी, पाह्य." चंद्रकलेला चाळिशीतून दिसेना, मग दिसलं. घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढऱ्या, उभ्या रेघा. अंडी. राणी जिवंत. खालच्या फळीवर मेलेल्या गोचिडी पसरल्या होत्या, तांबूस, तीळ सांडल्यासारख्या. औषधानं आपलं काम केलं होतं, त्याबद्दल वाद नव्हता. चौथीत अंडी, तिसरीत अंडी, दुसरीत थोडी पण होती.

पहिली पेटी उघडली. माश्या होत्या, पण विस्कटलेल्या, घरात मालक नसावा तशा इकडून तिकडं फिरत होत्या. दामिनीनं सगळ्या चौकटी उलटसुलट पाहिल्या, दोनदा पाहिल्या. अंडी नव्हती. चंद्रकला पेटीच्या तळाशी वाकली होती. कोपऱ्यात, चिंधीच्या उरलेल्या तुकड्याला टेकून, ती पडलेली होती. लांबट, काळसर, वाळून हलकी झालेली. चंद्रकलेनं तिला दोन बोटांनी उचलून तळव्यावर घेतलं.

दामिनी म्हणाली, ही पेटी सगळ्यांत आजारी होती, राणी औषधानं गेली की आधीच जायची होती, ते सांगता येणार नाही. उरलेल्या माश्या दुसरीत मिसळून टाकू, पेटी वाया जाणार नाही. ती खरं तेच सांगत होती, समजूत घालायला नाही. पण चंद्रकला ऐकत नव्हती. ती तळवा तसाच धरून संत्र्याच्या झाडाकडं चालत गेली आणि लेकीपुढं उकिडवी बसली.

तृप्तीनं तळव्यावरची राणी पाहिली. मग आईची तुटलेली नखं पाहिली, दहा दिवसांत अर्धीच वाढलेली. नळावरचं तिनं ऐकलं होतं, चिखलाचंही ऐकलं होतं. पोरगी धीट, आईवर गेलेली. तिनं सरळच विचारलं.

"माय, खरं सांग. तू शेकशीन मले, का लोधीखेड्याले परत जाऊ?"

एक माशी येऊन चंद्रकलेच्या मनगटावर उतरली, तळव्याच्या कडेनं राणीभोवती फिरली आणि उडून गेली. मग चंद्रकला बोलली. तिचं बोलणं मी एक अक्षरही इकडचं तिकडं न करता देतो.

"शेकीन. पण दाराले गोधडी लावणार नाही, अन् शेगडी आधी माह्यापाशी राहीन. त्या खोलीत पहिले मी बसीन एकटी, घटकाभर. मले खोकला आला, त ती शेगडी तुह्या खोलीत येणार नाही. अन् तू रोज इचारजो मले, माय दार उघडं आहे का म्हणून. रोज इचारजो. माह्या हाताले बंद करायची सवय आहे वं, तृप्ती, मले भेव वाटून राहिलं त्याचं."